अंधेरीचं ऑफिस, भिवंडीचं गोदाम आणि मधेच हरवणारी पॅकेट्स: साइट-टू-साइट व्हीपीएनवरचा पॅकेट लॉस कसा शोधायचा

तक्रार येते ती बहुतेक वेळा एवढीच: "व्हीपीएन स्लो आहे." गोदामातल्या बिलिंगवाल्याचं टॅली अडकत अडकत चालतं, रिमोट डेस्कटॉप मधूनच गोठतो, आयपी फोनवर समोरच्याचं अर्धं वाक्य गिळलं जातं. फायरवॉल उघडून बघावी तर टनेल, म्हणजे दोन ऑफिसांना इंटरनेटवरून जोडणारी कुलूपबंद वाट, हिरवंगार, स्टेटस "अप". नवा माणूस इथेच गोंधळतो. टनेल अप आहे याचा अर्थ दोन फायरवॉलची ओळख पटली आणि चाव्यांची देवाणघेवाण झाली, इतकाच. त्यातून जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पलीकडे पोचतंय, याची हमी त्या हिरव्या दिव्यात नसते.

उदाहरणासाठी मुंबईतल्या मध्यम कंपन्यांचं नेहमीचं चित्र घेऊ. अंधेरी एमआयडीसीत हेड ऑफिस, तिथे लीज लाइन. भिवंडीत गोदाम, तिथे फायबर ब्रॉडबँड. दोन्हीकडे फायरवॉल, मधे आयपीसेक (डेटा कुलूपबंद करून पाठवायची पद्धत) टनेल. सर्व्हर अंधेरीत, वापरणारे दोन्हीकडे. तुमच्याकडे आयपीसेकऐवजी वायरगार्ड असेल तरी बहुतेक पायऱ्या तशाच लागू होतात. फरक आहे तिथे सांगतो.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका: पॅकेट नेमकं कुठे पडतंय हे कळेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावायचा नाही. पडायच्या जागा मोजून तीन आहेत. दोन्हीपैकी एखाद्या बाजूचा लॅन (ऑफिसातलं आतलं नेटवर्क), दोन फायरवॉलच्या मधलं इंटरनेट, नाहीतर खुद्द फायरवॉल. पुष्कळ जण घाईघाईत टनेल डिलीट करून पुन्हा बनवतात. त्याने दुरुस्ती होत नाही, उलट सगळे काउंटर शून्यावर येतात आणि हातातला पुरावा जातो.

पहिली पायरी: तक्रारीला आकडा द्या

पिंगची (पलीकडचं मशीन उत्तर देतंय का ते बघणारी कमांड) चार उत्तरं बघून "लाइन ठीक आहे" म्हणायची सवय सोडा. समजा खरोखर १ टक्का पॅकेट हरवत आहेत. चार पिंगमध्ये एकही न हरवण्याची शक्यता ९६ टक्के आहे. शंभर पिंग मारलेत तरी सगळी सुखरूप परत येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. म्हणून किमान हजार पिंग मारा आणि तेही तक्रारीच्या वेळेत. सकाळी नऊला रिकाम्या ऑफिसात काढलेला आकडा अकराच्या गर्दीबद्दल काही सांगत नाही.

१ टक्का म्हणजे फार नाही, असं वाटत असेल तर थोडा हिशेब करू. एका टीसीपी कनेक्शनचा वेग पॅकेट लॉसमुळे किती खाली येतो, याचं एक ढोबळ सूत्र संशोधक मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलं. पॅकेटमधल्या डेटाचा आकार भागिले जाण्यायेण्याचा वेळ, भागिले लॉसचं वर्गमूळ, आणि त्याला साधारण सव्वाने गुणायचं. १३६० बाइटचं पॅकेट, १० मिलिसेकंद आणि १ टक्का लॉस धरला तर एका कनेक्शनला जेमतेम १३ एमबीपीएस मिळतात. जाण्यायेण्याचा वेळ ४० मिलिसेकंद झाला की तेच ३ एमबीपीएसवर येतं. लाइन १०० एमबीपीएसची असली तरी. हल्लीच्या काही टीसीपी पद्धती लॉस याहून बऱ्या सोसतात, पण "स्पीड टेस्टला तर शंभर येतोय, मग फाइल का रखडते?" या प्रश्नाचं उत्तर बरेचदा इथेच असतं. स्पीड टेस्ट एका वेळी अनेक कनेक्शन उघडते आणि जवळच्या सर्व्हरशी बोलते; तुमची फाइल मात्र एकाच कनेक्शनवरून टनेलमधून चाललेली असते.

आकड्यासोबत वेळही लिहून ठेवा. कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला, किती वाजता, किती वेळ. रोज रात्री आठ ते अकरा त्रास होत असेल तर भिवंडीच्या ब्रॉडबँडवर शेजारपाजाऱ्यांचा भार पडतोय का ते बघायचं. दर तासाला ठरावीक मिनिटाला होत असेल तर ते प्रकरण वेगळं, त्याबद्दल पुढे. पाऊस सुरू झाला की होत असेल, तर काय तपासायचं हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको, तरी सांगणार आहे.

दुसरी पायरी: आतून आणि बाहेरून, एकाच वेळी

अंधेरीच्या एका वायर्ड मशीनवर दोन खिडक्या उघडा. एकीतून भिवंडीच्या फायरवॉलच्या पब्लिक आयपीला पिंग लावा. ही टनेलबाहेरची वाट. दुसरीतून भिवंडीच्या लॅनमधल्या एखाद्या मशीनला किंवा प्रिंटरला; ही टनेलमधली वाट. दोन्ही एकाच वेळी चालू द्या. वेगवेगळ्या वेळी काढलेल्या आकड्यांची तुलना करू नका, लाइनची तब्येत मिनिटामिनिटाला बदलते.

आतल्या पिंगसाठी फायरवॉलचाच लॅन आयपी निवडू नका. फायरवॉल स्वतःच्या नावाने आलेल्या पिंगला सवडीने उत्तर देते, कामात असेल तर देतही नाही. पॅकेट पुढे ढकलणं हे तिचं मुख्य काम आणि ते तिथे व्यवस्थित चालू असू शकतं. बाहेरच्या पब्लिक आयपीलाही हाच धोका आहे, पण तिथे दुसरा इलाज नसतो. म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नका, दोन्हींतला फरक बघा. आणि वायफायवरच्या मशीनवरून यातलं काहीही करू नका. गोदामातल्या लोखंडी रॅकच्या मागे वायफायची जी दशा होते, तिचं बिल व्हीपीएनवर फाडण्यात अर्थ नाही.

बाहेर लॉस आणि आतही तेवढाच, तर गुन्हेगार इंटरनेट. पाचव्या पायरीवर जा. बाहेर स्वच्छ आणि आत लॉस, तर फायरवॉल, पॅकेटचा आकार किंवा पलीकडचा लॅन यांपैकी काहीतरी. बाहेर लॉस पण आत स्वच्छ, हेही दिसतं. तेव्हा वाटेतलं कोणीतरी पिंगला मुद्दाम दाबतंय आणि टनेलचं त्यामुळे काही बिघडत नाहीये.

तिसरी पायरी: वजाबाकी

माझ्या मते सगळ्या तपासात ही सर्वांत कामाची पायरी, आणि नेमकी हीच वगळली जाते. प्रत्येक आयपीसेक फायरवॉल टनेलमागे दोन काउंटर ठेवते: किती पॅकेट एन्क्रिप्ट करून बाहेर टाकली आणि किती आत आलेली डिक्रिप्ट केली. सिस्कोवर 'शो क्रिप्टो आयपीसेक एसए' या कमांडमध्ये ते एनकॅप्स आणि डीकॅप्स या नावाने दिसतात, फोर्टिगेटवर टनेलच्या डायग्नोज यादीत, लिनक्सवर एक्सएफआरएमच्या स्टेटमध्ये. नाव काही असो, आकडे हेच.

शक्यतो गर्दी नसलेला वेळ निवडा, म्हणजे वजाबाकी सरळ होते. दोन्ही बाजूंचे काउंटर लिहून घ्या, अंधेरीहून भिवंडीकडे हजार पिंग सोडा, मग पुन्हा लिहा. समजा अंधेरीचं एनकॅप्स १०१२ ने वाढलं आणि भिवंडीचं डीकॅप्स ९७० ने. म्हणजे ४२ पॅकेट अंधेरीच्या फायरवॉलमधून निघाली आणि भिवंडीत उघडली गेली नाहीत. आता भिवंडीच्या फायरवॉलवरचे रीप्ले (जुनं समजून टाकलेली पॅकेट) आणि ऑथेंटिकेशन फेल्युअरचे (ओळख न पटलेली पॅकेट) काउंटर बघा. ते हलले नसतील तर ४२ च्या ४२ वाटेत गेली. हलले असतील तर पॅकेट पोचली होती, फायरवॉलनेच ती टाकून दिली.

उलट, एनकॅप्स आणि डीकॅप्स जुळले आणि तरी पिंगमध्ये लॉस असेल, तर जाताना पॅकेट सुखरूप पोचलंय. मग परतीची हीच वजाबाकी करा: भिवंडीचं एनकॅप्स, अंधेरीचं डीकॅप्स. तेही जुळलं तर टनेलवर काही आरोप राहत नाही. स्विच, केबल आणि मशीन तपासा.

याहून पक्का पुरावा हवा असेल तर दोन्ही फायरवॉलच्या वॅन (इंटरनेटकडच्या) पोर्टवर एकाच वेळी पॅकेट कॅप्चर घ्या आणि वायरशार्क या पॅकेट बघायच्या प्रोग्राममध्ये उघडा. ईएसपी (आयपीसेकच्या कुलूपबंद) पॅकेटमधला मजकूर वाचता येत नाही, पण सुरुवातीचे आठ बाइट उघडे असतात: चार बाइट एसपीआय म्हणजे टनेलची ओळख, आणि चार बाइट सीक्वेन्स नंबर. हा नंबर प्रत्येक पॅकेटला एकाने वाढतो. अंधेरीच्या कॅप्चरमध्ये ४१०१, ४१०२, ४१०३ गेलेले दिसतात आणि भिवंडीच्या कॅप्चरमध्ये ४१०१ नंतर थेट ४१०३ येतो, तर ४१०२ कुठे गेलं यावर सर्व्हिस प्रोव्हायडरला वाद घालायला जागा उरत नाही.

चौथी पायरी: छोटी पॅकेट जातात, मोठी अडकतात

याला खरं तर पॅकेट लॉस म्हणणं अर्धवट आहे. इथे ठरावीक आकारावरची सगळीच्या सगळी पॅकेट मरतात आणि छोटी सगळी पोचतात. लक्षणं ओळखीची: पिंग शून्य लॉस दाखवतं, रिमोट डेस्कटॉप जोडला जातो पण स्क्रीन काळीच राहते, ईआरपीचं लॉगिन पान उघडतं पण रिपोर्ट काढला की चक्र फिरत बसतं, शेअर फोल्डरमधली फाइल अर्ध्यावर लटकते.

कारण असं की टनेल तुमचं पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये घालून पाठवतं. मिठाईचा पुडा कुरिअरच्या खोक्यात घातला की खोकं पुड्याहून मोठं होणारच, तसं. इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा १५०० बाइट. पीपीपीओई ब्रॉडबँड त्यातले ८ खातं, उरतात १४९२. त्यावर आयपीसेकचं वेष्टण: नवा आयपी हेडर २०, नॅट ट्रॅव्हर्सल (अनेक मशीन एका पब्लिक आयपीमागे असताना टनेल पार नेण्याची सोय) असेल तर यूडीपीचे ८, ईएसपीचे ८, एईएस-सीबीसीचा आयव्ही १६, शेवटची तपासणी १६, शिवाय भरतीचे काही बाइट. एकूण साठ ते पंचाऐंशीच्या घरात. म्हणजे आतल्या पॅकेटला जेमतेम १४२० बाइट उरतात. वायरगार्डचं वेष्टण आयपी व्हर्जन चारवर ६० आणि सहावर ८० बाइट असतं, म्हणूनच त्याचा डीफॉल्ट एमटीयू (एका पॅकेटची कमाल मर्यादा) १४२० आहे.

मर्यादेहून मोठं पॅकेट आलं आणि त्यावर "तोडू नका" अशी खूण असेल, तर वाटेतल्या राउटरने ते टाकून पाठवणाऱ्याला आयसीएमपी (नेटवर्कचे निरोप आणि पिंग ज्यातून जातात ती पद्धत) निरोप द्यायचा असतो: एवढं मोठं जात नाही, लहान पाठव. ही पद्धत १९९० पासून ठरलेली आहे. पण सुरक्षेच्या नावाखाली कोणीतरी फायरवॉलवर सगळं आयसीएमपी बंद करून ठेवतं, निरोप पोचत नाही, आणि पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. पिंग बंद केल्याने आपण सुरक्षित झालो, हा समज मुंबईतल्या किती ऑफिसांत घट्ट बसलाय, ते बघून थक्क व्हायला होतं.

तपासायचं असं. अंधेरीच्या विंडोज मशीनवरून भिवंडीच्या लॅनमधल्या मशीनला पिंग मारा. डॅश एफ लावा म्हणजे "तोडू नका" ही खूण लागते, आणि डॅश एलपुढे आकार द्या. लिनक्सवर डॅश एमपुढे डू, आणि छोट्या एसने आकार. १४७२ पासून सुरू करा. त्यात पिंगचे आणि आयपीचे मिळून २८ मिळवले की १५०० होतात. हे टनेलमधून जाणार नाही, जाऊही नये. मग १३७२ करून बघा, म्हणजे एकूण १४००. हे गेलं तर मधले आकडे वापरून सीमा शोधा: १४२२, १३९६, १४०८, असं अर्धं अर्धं करत. बघायचं काय, तर मोठ्या पॅकेटला "तोडावं लागेल" असं स्पष्ट उत्तर येतंय की नुसता टाइमआउट. उत्तर आलं तर यंत्रणा शाबूत आहे. नुसती शांतता असेल तर निरोप कुठेतरी अडतोय.

उपाय दोन, दोन्ही एकदम करा. टनेल इंटरफेसचा एमटीयू १४०० ठेवा आणि टीसीपी एमएसएस क्लॅम्पिंग १३६० वर लावा. ४० बाइट आयपी आणि टीसीपी हेडरचे. क्लॅम्पिंग म्हणजे कनेक्शन जुळतानाच फायरवॉल दोन्ही मशीनना परस्पर सांगते की याहून मोठा तुकडा पाठवू नका. दोन्ही बाजूंच्या फायरवॉलवर लावा. आयसीएमपीचा तो एक प्रकार, टाइप ३ कोड ४, पॉलिसीत मोकळा करा. आणि कर्मचाऱ्यांच्या मशीनवर एकेक करून एमटीयू बदलत बसू नका. पुढच्या महिन्यात नवा लॅपटॉप येईल आणि तक्रार परत येईल.

एक पळवाटही लक्षात असू द्या. काही फायरवॉल "तोडू नका"कडे काणाडोळा करून एन्क्रिप्ट झाल्यानंतर पॅकेटचे दोन तुकडे करतात. तुमचं पिंग खुशाल १४७२ ने जातं, पण एकाच्या जागी दोन तुकडे जातात, आणि एक जरी हरवला तरी आख्खं पॅकेट गेलं. कॅप्चरमध्ये आयपी फ्रॅगमेंट दिसले तर एमटीयू खाली आणायचाच.

पाचवी पायरी: मधलं इंटरनेट

आता एमटीआर लागेल, विंडोजवर विनएमटीआर. ट्रेसरूट आणि पिंग यांचं मिश्रण आहे ते. टनेलमधून चालवून उपयोग नाही, टनेलला सगळं इंटरनेट एकाच उडीसारखं (उडी म्हणजे वाटेतला एक राउटर) दिसतं. पब्लिक आयपीकडे चालवा, आणि दोन्ही दिशांनी: अंधेरीहून भिवंडी आणि भिवंडीहून अंधेरी. जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी असू शकते, दोन प्रोव्हायडर असतील तर बहुधा असतेच.

एमटीआर वाचताना नवे लोक हमखास एका जागी अडखळतात. समजा चौथ्या उडीवर ६० टक्के लॉस दिसतोय, पण पाचव्या, सहाव्या आणि शेवटच्या उडीवर शून्य. तर चौथ्या राउटरमध्ये काही बिघाड नाही. तो स्वतः उत्तर देण्यावर मर्यादा घालून बसलाय, पॅकेट पुढे पाठवतोयच. लॉस खरा तेव्हा मानायचा, जेव्हा तो एका उडीपासून सुरू होतो आणि शेवटपर्यंत टिकतो. हे न समजता प्रोव्हायडरला स्क्रीनशॉट पाठवलात की त्यांचा इंजिनिअर एका ओळीत तुमची तक्रार बंद करतो, आणि त्याचं बरोबर असतं.

वेळही बघा. अंधेरी ते भिवंडी तीसेक किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या अंतराला जाण्यायेण्याचा वेळ अर्ध्या मिलिसेकंदाच्याही आत. बाकी वेळ उपकरणांचा. दोन्ही प्रोव्हायडर मुंबईतच एकमेकांना भेटत असतील तर एकूण सहसा दहाच्या आत राहतो. त्यासाठीच तर २००३ मध्ये निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) स्थापन झालं: देशातली वाहतूक देशातच, आणि शक्यतो जवळच अदलाबदल व्हावी म्हणून. पण तुमचा आकडा अचानक तीसवर गेला, तर पॅकेट चेन्नईसारख्या लांबच्या शहराला वळसा घालून भिवंडीला येत असण्याची शक्यता आहे. जास्त अंतर, जास्त उपकरणं, आणि वर सांगितलेल्या सूत्राप्रमाणे वेगावर दुहेरी मार.

मग आयपर्फ-३, वेग आणि लॉस मोजायचा प्रोग्राम. अंधेरीत एका मशीनवर सर्व्हर म्हणून चालू ठेवा, पोर्ट ५२०१, भिवंडीहून यूडीपी (हरवलेलं पॅकेट पुन्हा न पाठवणारी पद्धत) चाचणी घ्या. पॅकेटचा आकार १३०० च्या आसपास ठेवा म्हणजे एमटीयूचा घोळ यात मिसळणार नाही. आधी २ एमबीपीएस, मग १०, मग २०, मग ४०. डॅश मोठा आर लावून उलट्या दिशेनेही. कामाच्या वेळेत हे करायचं तर आधी सगळ्यांना सांगा. चाचणीच लाइन भरून टाकते आणि तुमच्या नावाने नवी तक्रार येते.

उत्तरं दोन तऱ्हेची येतात. २ वरही दीड टक्का आणि ४० वरही दीड टक्का, म्हणजे वेगाशी संबंध नाही; वाट शारीरिकदृष्ट्या खराब आहे. केबल, जॉइंट, कनेक्टर, पोर्ट. याउलट २० पर्यंत शून्य आणि २५ ला अचानक लॉस, म्हणजे कुठेतरी मर्यादा आहे. एक तर लाइनचा अपलोड भरतोय, नाहीतर प्रोव्हायडर ठरलेल्या वेगावरची पॅकेट कापतोय. गोदामात अपलोड भरण्याचा नेहमीचा संशयित म्हणजे सीसीटीव्ही. डीव्हीआर क्लाउडवर किंवा हेड ऑफिसला सतत चित्र ढकलत असतो आणि त्याचा विचार कोणीच केलेला नसतो. त्यानंतर बॅकअप. उपाय म्हणून फायरवॉलवर शेपिंग लावा आणि मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगाच्या थोडी खाली, नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवा. रांग आपल्या फायरवॉलमध्ये लागली तर कोण आधी जाणार हे आपण ठरवतो. प्रोव्हायडरकडे लागली तर कोणीही कापलं जातं, फोनसुद्धा.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात फायबरची दोन दुखणी. रस्ता किंवा मेट्रोच्या खोदकामात केबल तुटते, ते लगेच कळतं. दुसरं छुपं: जॉइंटच्या डबीत पाणी शिरतं, केबल तुटत नाही पण प्रकाश मंदावतो. भिवंडीच्या ओएनटीच्या (फायबर जिथे संपतं त्या डब्याच्या) पानावर ऑप्टिकल रिसीव्ह पॉवर दिसते, ती बघा. जीपॉनच्या (एका फायबरवर अनेक ग्राहक जोडणाऱ्या पद्धतीच्या) नेहमीच्या बी-प्लस वर्गात ओएनटीची खालची मर्यादा उणे २७ डीबीएम आहे. उणे २० च्या आसपास असेल तर निवांत. कोरड्या दिवशी उणे २२ आणि पावसात उणे २६ दिसत असेल तर तारीखवार नोंद करून तीच प्रोव्हायडरच्या हातात द्या. छतावर रेडिओ लिंक असेल तर तिची वारंवारता विचारा. ५ गिगाहर्ट्झला पावसाचा फारसा त्रास नाही, तिथे शेजारच्या इमारतींवरच्या डिशचा त्रास. वरच्या बँडवर मात्र मुसळधार पाऊस सिग्नल खातो.

सहावी पायरी: खुद्द फायरवॉल

सीपीयूची सरासरी बघून निश्चिंत होऊ नका. बऱ्याच फायरवॉल एका टनेलचं काम एकाच कोअरवर टाकतात. चार कोअरची सरासरी २५ टक्के दिसते तेव्हा एक कोअर शंभरवर हाशहुश करत असू शकतो. कोअरवार बघा. जुन्या टनेलवर अजून थ्रीडीईएस ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत असेल तर एईएस-जीसीएमवर या. सुरक्षेसाठी तर हवंच, आणि हार्डवेअरचा आधार मिळत असल्याने भारही उतरतो.

रीप्लेचा काउंटर हलत होता ना? आयपीसेक प्रत्येक पॅकेटचा सीक्वेन्स नंबर बघतं आणि फार मागे पडलेलं पॅकेट जुनंच कोणीतरी पुन्हा पाठवलंय असं समजून टाकून देतं. खिडकी सहसा ६४ पॅकेटची असते. आवाजाच्या पॅकेटना प्राधान्य दिलं, किंवा दोन लाइनवर वाहतूक वाटली, की डेटाची पॅकेट मागे पडतात आणि खिडकीबाहेर जातात. खिडकी ५१२ किंवा १०२४ करा. तपासणी बंदच करून टाकायचा सल्ला ऐकू येतो. तो ऐकू नका.

दर तासाला काही सेकंद पडझड होत असेल तर चावी बदलण्याची वेळ तपासा. फेज दोनची (डेटाच्या चाव्यांची) मुदत सहसा ३६०० सेकंद, फेज एकची (दोन फायरवॉलच्या ओळखीची) २८८०० किंवा ८६४००. आयकेई (चाव्या ठरवायची पद्धत) व्हर्जन दोनमध्ये एक गंमत आहे. टनेल पहिल्यांदा उभं राहताना फेज दोनसाठी वेगळी डिफी-हेलमन देवाणघेवाण होत नाही, ती पहिल्या रीकीच्या (चावी बदलण्याच्या) वेळी होते. त्यामुळे दोन्ही बाजूंना पीएफएसचा (दर रीकीला स्वतंत्र नवी चावी बनवायच्या सोयीचा) ग्रुप वेगळा असला तरी टनेल थाटात वर येतं आणि तासाभराने आपटतं. तोवर इंजिनिअर सही-शिक्का घेऊन निघून गेलेला असतो. दोन्ही कॉन्फिगरेशन शेजारी ठेवून ओळ न ओळ जुळवा.

गोदामाच्या ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी नसेल, प्रोव्हायडरच्या नॅटमागे असेल, तर थोडा वेळ शांत राहिल्यावर पहिली काही पॅकेट हरवणं हे त्याचं लक्षण. नॅट ट्रॅव्हर्सल चालू हवं, पोर्ट यूडीपी ४५००, कीपअलाइव्ह २० सेकंदांच्या आसपास. आणि टनेल सुरू करणारी बाजू भिवंडीची ठेवा. नॅटबाहेरून आत हाक मारता येत नाही.

सातवी पायरी: तारा

ही पायरी छोटी आहे, वगळू नका. फायरवॉलच्या आणि स्विचच्या पोर्टवर सीआरसी एरर (खराब होऊन पोचलेली पॅकेट) आणि लेट कोलिजन (उशिरा झालेली टक्कर) बघा. प्रोव्हायडरचा मीडिया कन्व्हर्टर १०० फुल डुप्लेक्सवर (एकाच वेळी दोन्ही दिशांना) ठोकून ठेवलेला आणि तुमचा पोर्ट ऑटोवर असेल, तर तुमचा पोर्ट हाफ डुप्लेक्सवर घसरतो. लाइन रिकामी असताना सगळं छान, भार आला की लॉस. दोन्हीकडे ऑटो किंवा दोन्हीकडे ठरावीक, मधलं काही नाही. गोदामातल्या माणसाला फोन करून "दादा, त्या काळ्या डब्याच्या मागची निळी वायर काढून ड्रॉवरमधली नवी लावता का?" एवढं विचारणं कधी कधी दिवसभराच्या कॅप्चरपेक्षा लवकर उत्तर देतं. फक्त बदल एका वेळी एकच, आणि आधीचा-नंतरचा आकडा लिहून.

प्रोव्हायडरशी बोलताना

"नेट स्लो आहे" म्हणालात तर "सर, राउटर रीस्टार्ट करून बघा" हेच उत्तर मिळणार. त्यांच्या हाती द्यायचं ते एवढं: दोन्ही पब्लिक आयपी, लॉस सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, दोन्ही दिशांचे एमटीआर, आयपर्फचे कमी आणि जास्त वेगाचे आकडे, ओएनटीची पॉवर. व्हीपीएन हा शब्द शक्यतो उच्चारू नका. तो ऐकला की "ते तुमच्या फायरवॉलचं बघा" म्हणून चेंडू परत येतो. तुमची तक्रार एका पब्लिक आयपीहून दुसऱ्या पब्लिक आयपीपर्यंत होणाऱ्या लॉसची आहे, आणि ती खरोखर तेवढीच आहे.

लीज लाइनच्या करारात लॉसची कमाल मर्यादा बहुधा लिहिलेली असते. फोन करण्याआधी ते पान काढून ठेवा. ब्रॉडबँडला तसं वचन सहसा नसतं. गोदाम त्यावर चालत असेल तर दुसरी लाइन घ्या, पण ती इमारतीत वेगळ्या वाटेने येते का ते स्वतः डोळ्यांनी बघा. दोन कंपन्यांच्या दोन केबल एकाच खांबावरून एकाच डक्टमध्ये उतरत असतील तर एका जेसीबीला दोन्ही पुरतात.

तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. "आता बघा सर, पिंग क्लिअर येतंय, बंद करू का?" असा फोन बहुतेक वेळा दुपारी जेवणाच्या सुट्टीत येतो, जेव्हा लाइनवर कोणीच नसतं. उद्या सकाळी अकरा ते एकचे आकडे बघून सांगतो म्हणायचं, आणि तोवर डॉकेट उघडं ठेवायला लावायचं.